गुलछडीचं माहेर

गुलछडी, म्हणजेच निशिगंध, लग्नाच्या हारात इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे पटत नाही. तिचं माहेर मेक्सिको. तिथले अ‍ॅझटेक लोक पांढऱ्या फुलावरून तिला 'हाडाचं फूल' म्हणायचे. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिचे कंद युरोपात नेले, पुढे ती आपल्याकडे आली. रोप वाटेत वाळलं असतं, कंद मात्र कोरडाच झोपून प्रवास करतो. ऊन तर त्याच्या सवयीचंच.

फुलांच्या धंद्याचा इतिहास मात्र आपल्या अंगणातला. जोतीरावांचं घराणं मूळचं गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. पेशव्यांना फुलं पुरवायचे, म्हणून फुले झाले. आपल्या तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई १८४० साली त्याच घरात सून म्हणून गेल्या. त्या काळी फुलं खुडणाऱ्या, हार ओवणाऱ्या किती बाया असतील! पुस्तकात नावं येतात ती पुरवठादारांची.

म्हणून यंदा एप्रिल-मेमध्ये लागण करताना गटाच्या वहीत लिहा: कंद कुणी दिले, किती दिले, कुणी लावले. हारासाठी सिंगल घ्या, फुलदाणीसाठी डबल. एका कंदाला पुढं बरीच पिल्लं फुटतात. ती वाटाल तेव्हाही नाव लिहायचंच.