षाडव, पानक आणि जांभळाचा रस

मराठीच्या किंवा संस्कृतच्या पदव्युत्तर वर्गात रसचर्चा सुरू झाली की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ही त्रयी प्रथम फळ्यावर येते. त्यापाठोपाठ 'संयोग' आणि 'निष्पत्ती' या दोन शब्दांवरचे चार आचार्यांचे चार पक्ष येतात. हे सारे समजावून देण्यासाठी भरताने जो दाखला निवडला होता, तो मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. दृष्टान्त म्हणजे सिद्धान्ताची सजावट, तो गाळला तरी अर्थ अबाधित राहतो, अशी आपली समजूत त्यामागे असते. प्रस्तुत टिपणात ही समजूत तपासून पाहायची आहे. त्यासाठी ग्रंथांइतकाच स्वयंपाकघराचाही आधार घ्यावा लागेल, कारण भरताचा दाखला मुळात तिथलाच आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस कसा सिद्ध होतो हे सांगताना भरत पाककृतीकडे वळतो. गूळ, मसाले आणि वनस्पतिज द्रव्ये यांच्या मेळातून षाडवासारखे पदार्थ तयार होतात, त्याच रीतीने भावांच्या मेळातून स्थायी भावाला रसत्व येते, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर लगेच तो जेवणाराकडे वळतो. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा रसिक जसा आस्वाद घेतो, तसाच प्रेक्षकही घेतो. म्हणजे भरतापाशी दाखले दोन आहेत, एक करणाऱ्याचा आणि एक खाणाऱ्याचा. त्यांचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. करणारा आधी येतो.

हा षाडव म्हणजे काय? चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'रागषाडव' असा जोडशब्द येतो. तिखट, आंबट, गोड आणि खारट अशा चवींचे, पचायला हलके असे हे पदार्थ आहेत. आयुर्वेदाच्या टीकापरंपरेत त्यांतील 'रागा'ची घडण सांगणारा एक जुना श्लोक उद्धृत होतो. त्यात साखर आहे, सैंधव आणि पादेलोण आहे, वृक्षाम्ल (बहुधा कोकम) आहे, परूषक म्हणजे फालसा आहे, मोहरी आहे आणि या सगळ्यांना एकत्र धरणारा जांभळाचा रस आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर हा मृदुफळांचा सॉसच होय. रसाच्या घडणीसाठी भरताने दिलेला दाखला हा असा, पातेल्यात शिजणाऱ्या आंबटगोड पदार्थांच्या कुळातला आहे.

जांभळाचे नाव निघाले की नागपूरच्या वाचकाला मेघदूत आठवल्याशिवाय राहत नाही. काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेक, हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. १९९७ साली स्थापन झालेले कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही तिथेच आहे. आषाढाच्या आरंभी निघालेल्या मेघाच्या वाटेवर कालिदासाने जांभूळवने दोनदा उभी केली आहेत. नर्मदेचे पाणी त्यांत अडते, आणि पुढे दशार्ण देशातील वनांचे काठ पिकल्या फळांनी काळेभोर झालेले दिसतात. हा निव्वळ कविसंकेत नव्हे. विदर्भात जांभूळ पिकते ते मृगाच्या सरींपासून आषाढापर्यंत. या दिवसांत महाल-इतवारीकडच्या बाजारांत टोपल्यांतून जांभळे विकायला बसतात, आणि दोन-तीन जोरदार सरी झाल्या की तो हंगाम आटोपतो. फळ नाजूक असल्याने ते फार दिवस ठेवता येत नाही. ठेवायचे तर त्याचा काही पदार्थ करावा लागतो. अशा गरजेतूनच जगभर फळांचे रस आटवण्याच्या रीती निघाल्या.

कृती अगदी साधी आहे. अर्धा किलो पिकलेली जांभळे मिठाच्या पाण्यात धुऊन स्टीलच्या पातेल्यात घ्यावीत. लोखंडी भांडे टाळावे, कारण फळातील रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये यांची लोहाशी क्रिया होऊन रस काळवंडतो. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. निवल्यावर हाताने कुस्करून बिया काढाव्यात आणि गर चाळणीतून गाळून घ्यावा. एक वाटी गराला अर्धी वाटी साखर आणि चिमूटभर सैंधव घालून पुन्हा पाच-सहा मिनिटे ढवळत शिजवावे. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरू लागला की आच बंद करावी. गार झाल्यावर रस आणखी दाटतो, म्हणून आचेवर असताना तो किंचित सैलच हवा. शेवटी चमचाभर लिंबाचा रस घालावा. त्याने निळसर छटा मागे पडून लाली चढते, कारण जांभळाचे रंगद्रव्य आम्लात तांबडे होते. हा रस श्रीखंडावर, खिरीवर किंवा साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर घालावा. शीतकपाटात तो आठवडाभर टिकतो. कपभर रसात मोहरीची चिमूटभर पूड फेटून पाहिली तर जुन्या 'रागा'ची थोडीशी कल्पना येते.

आता या कृतीकडे रसचर्चेच्या दृष्टीने पाहू. जांभूळ नुसते खाल्ले तर जीभ तुरटते. त्यावर साखर भुरभुरून खाल्ले तर आधी गोड आणि मग तुरट लागते. दोन चवी शेजारी बसतात, एकमेकींत शिरत नाहीत. हा 'संयोग' नव्हे, हे केवळ सान्निध्य आहे. आच लागते तेव्हा फळाच्या पेशी फुटतात, गरातील पेक्टिन मोकळे होते, साखर आणि आम्ल यांच्या संगतीने ते रसाला अंग देते. चिमूटभर मीठ तुरटपणाची धार बोथट करते आणि स्वतः मात्र ओळखू येत नाही. अखेरीस जी चव हाती लागते ती पातेल्यात टाकलेल्या कोणत्याही एका पदार्थाची नसते. विभावादिकांच्या यादीतून रस का निघत नाही, याचे उत्तर इथे आहे. उद्यान, चांदणे, अश्रू आणि रोमांच एका पानावर मांडले म्हणजे शृंगार होत नाही. त्यांच्यामधून काहीतरी जावे लागते. कवीच्या बाबतीत त्या आचेला काय म्हणायचे, हा प्रश्न दृष्टान्त गाळल्याबरोबर वर्गातून नाहीसा होतो.

चार आचार्यांचे वादही या पातेल्यापाशी बसून वाचले की कमी पारिभाषिक वाटू लागतात. भट्ट लोल्लटाच्या मते उपचित झालेला, म्हणजे पुष्ट झालेला स्थायी हाच रस. त्याची दृष्टी आटवणाऱ्याची आहे. जे मुळात होते तेच दाट झाले, असे तो म्हणतो. शंकुकाला हे मान्य नाही. चित्रातला घोडा पाहून आपण घोडा ओळखतो, तसे नटावरून रामाच्या भावाचे अनुमान करतो, हा त्याचा पक्ष आहे. त्याला पातेल्याचा उपयोग नाही. त्याचा दाखला चित्रकाराचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या मीमांसेत चव कुठे लागते हे सांगणे अवघड जाते. भट्टनायक भोगावर भर देतो, म्हणजे तो जेवणाराच्या पाटावर जाऊन बसतो. अभिनवगुप्त त्याही पुढे जाऊन सांगतो की रसाचे अस्तित्व चर्वणेपुरतेच असते. आस्वाद थांबला की रसही नाही.

नेमक्या याच ठिकाणी षाडवाचा दाखला अपुरा पडतो, आणि ते मान्य केले पाहिजे. जांभळाचा रस बाटलीत भरून ठेवता येतो, काव्याचा रस ठेवता येत नाही. बाटलीत राहते ती फार तर संहिता. अकराव्या शतकातील मम्मटाच्या काव्यप्रकाशात आणि त्यानंतर विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात पानकाचा न्याय पुढे येतो तो म्हणूनच. साखर, मिरे, कापूर यांचे पानक पिताना घटक वेगळे जाणवत नाहीत, एकच अखंड चव जाणवते, तसा रस अखंड आस्वादला जातो. पानक कसे केले, हा प्रश्न इथे विचारलेलाच नाही. षाडव 'कसे घडते' याचे उत्तर देतो, पानक 'कसे लागते' याचे. दोन्ही दाखले खरे आहेत, पण ते एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. पाठ्यपुस्तकांनी त्यांना समानार्थी मानले, दुसरा ठेवला आणि पहिला सोडून दिला. परिणामी रसचर्चा ही संपूर्णपणे वाचकाची चर्चा झाली आणि रचनेचा विचार अलंकार, रीती, वक्रोक्ती यांच्या स्वतंत्र कप्प्यांत गेला. नागपूरचे ग. त्र्यं. देशपांडे यांचा 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) हा ग्रंथ हे कप्पे एकत्र वाचण्याची सवय लावतो. परीक्षेच्या टिपणांत ते पुन्हा सुटे होतात.

भाषेच्या इतिहासातही हीच कथा दिसते. पानक टिकले. त्याचे 'पन्हे' झाले आणि चैत्रातल्या हळदीकुंकवात ते अजून मिळते. षाडव हा शब्द स्वयंपाकघरातून गेला. आज तो ऐकू येतो तो सहा स्वरांच्या रागाचे विशेषण म्हणून, आणि तो अर्थ निराळाच आहे. वस्तू मात्र गेली नाही. मेथांबा, साखरांबा, चिंचगुळाची चटणी यांत आंबटगोडाची तीच घडण आहे, आणि अरबी-फारसीतून आलेल्या 'मुरंब्या'नेही त्याच पंक्तीत जागा मिळवली. इंग्रजी 'सॉस' हा शब्द लॅटिनमधल्या खारवलेल्या पदार्थाच्या नावावरून आला, फ्रेंच 'कूली' गाळण्याच्या क्रियेवरून. मराठीने अशा पदार्थाला 'रस' म्हटले. आमरस म्हणताना आपण नकळत भरताचाच शब्द उच्चारतो.

जुन्या श्लोकात द्रव्ये आहेत, पण माप नाही आणि क्रमही नाही. तो जाणकाराच्या हाती सोपवलेला आहे. मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली आले आणि कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. पण माप कितीही नेमके असले तरी आच कधी बंद करायची, हे चमच्याच्या पाठीकडे पाहूनच ठरते. काव्यशास्त्राची गतही याहून वेगळी नाही. भाव मोजून घालता येतात, त्यांची संख्याही भरताने एकोणपन्नास अशी सांगून ठेवली आहे. त्यांचा पाक केव्हा साधला हे मात्र संख्या सांगत नाही. रसाध्याय शिकवताना षाडवाचे वाक्य गाळू नये, एवढेच इथे सुचवायचे आहे. ते ठेवले तर कवी काय करतो हा प्रश्नही वर्गात राहतो, आणि विद्यार्थ्याला रस हा शब्द पुन्हा जिभेवर जाणवण्याची शक्यता उरते.