शिक्का जुना, माल नवा

जावाची कुठलीही क्लास फाइल उघडा, पहिले चार बाइट षोडशमान आकड्यांत ‘कॅफेबेब’ असे वाचता येतात. ही जेम्स गॉसलिंगची गंमत. कामाचा आकडा त्यानंतर येतो, आवृत्तीचा: १.४ साठी ४८, जावा ५ साठी ४९, ६ साठी ५०. रनटाइमला स्वतःपेक्षा मोठा आकडा दिसला की तो फाइल हातातच घेत नाही.

माझी उमेदीची वर्षं पुण्यात सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली. आमच्याकडे नवं जावा, ग्राहकाकडे जुनं. त्यांना दोष देणं मला कधीच पटलं नाही. चालता सर्व्हर कोण हलवणार?

सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आलं आणि ओढाताण सुरू झाली. जेनेरिक्स, एनम, सुटसुटीत फॉर-लूप, सगळं हवंहवंसं. जेनेरिक्सचे टाइप तर कंपायलर तपासून पुसूनच टाकतो, ते १.४ वर चालायला तशी अडचण नव्हती. पण सनचा कंपायलर पाचचा सोर्स घेऊन १.४ चं टार्गेट द्यायला तयार नसे. ‘जेएसआर१४’ नावाचं एक टार्गेट होतं, पण अधिकृत माहितीत नसलेलं, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याला कळायचं. काही जण रेट्रोवीव्हर वापरून तयार क्लास फाइलच जुन्या साच्यात बसवायचे.

जावा ६ चा कंपायलर पाचचं टार्गेट खुशाल द्यायचा, आणि खरा घोळ तिथेच होता. फाइलवर ४९ चा शिक्का बसे, पण लायब्ररी सहाचीच तपासली जाई. स्ट्रिंगची ‘इझएम्प्टी’ मेथड सहामध्ये आलेली. ती वापरलेला कोड बिनतक्रार कंपाइल होई, ग्राहकाकडे सुरूही होई, आणि त्या ओळीशी पोचला की ‘नोसचमेथडएरर’. त्यापेक्षा दारातच हाकलणारा ४८-४९ चा तंटा बरा! उपाय होता: बूटक्लासपाथमध्ये जुन्या जेडीकेची लायब्ररी द्यायची. ती दिली नाही तर जावा ७ चा कंपायलर इशारा द्यायचा. तो वाचायचा कोणी?

सप्टेंबर २०१७ मध्ये जेडीके ९ बरोबर ‘रिलीज’ हा पर्याय आला. जुन्या आवृत्त्यांमध्ये कोणते क्लास आणि मेथड होत्या याची नोंद कंपायलरसोबतच येऊ लागली. गरजही तेव्हाच वाढली होती. नऊमध्ये बाइटबफरची ‘फ्लिप’ मेथड ‘बफर’ऐवजी ‘बाइटबफर’ परत करू लागली. परतीचा टाइप क्लास फाइलमध्ये नोंदलेला असतो, म्हणून नुसत्या टार्गेटवर भागवलेला कोड आठवर कोसळे. जुन्या प्रकल्पांत ‘फ्लिप’च्या आधी ‘बफर’चं अनाकलनीय कास्ट दिसतं, ते यापायी. नव्या पोरांना ते हटवायची फार घाई असते.

जेडीके १२ ने सहाचं टार्गेट काढलं, २० ने सातचं. ज्यांचा ग्राहक अजून सातवर आहे, ते बिल्डच्या मशीनवर १७ राखून ठेवतात.