मागच्या आसनाचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला मोटरसायकलची दुरुस्ती म्हटले की बहुधा एकच पुस्तक आठवते : रॉबर्ट पिर्सिग यांचे, १९७४ साली प्रसिद्ध झालेले 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. त्यातला एक प्रसंग वर्गात नेहमी चर्चिला जातो. सोबत्याच्या बीएमडब्ल्यूचे हॅण्डल पकडीतून निसटते आहे. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याची पातळ पट्टी कापून मध्ये सरकवावी, पकड घट्ट होईल. सोबती दुखावतो. इतक्या उंची यंत्राला टाकाऊ पत्र्याचे ठिगळ! या एका पट्टीवरून पिर्सिग यंत्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टींची मांडणी करतात आणि आपण अध्यापक ती फळ्यावर दोन रकान्यांत लिहून मोकळे होतो.

आमचे लक्ष मात्र हल्ली दुसरीकडे जाते. त्या प्रवासात निवेदकाच्या मागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस बसलेला आहे. तो कुरकुरतो, रुसतो, त्याचे पोट दुखते. वाटेत बहुतेक काळ त्याच्या डोळ्यांसमोर बापाची पाठ आहे. पुस्तक संपता संपता तो पायटांवर उभा राहतो तेव्हा कुठे त्याला समोरचा रस्ता दिसतो. टॅपेटचा आवाज कानाने ओळखणाऱ्या माणसाच्या ध्यानात मागच्या आसनाची ही अडचण इतक्या उशिरा यावी, हे आम्हाला त्या कादंबरीचे मर्म वाटते. दुचाकीच्या इतिहासलेखनातही नेमके असेच घडले आहे.

गाडी 'अंगाला बसवणे' म्हणजे काय ते थोडे तपशिलाने पाहू. हॅण्डलच्या पकडीचे बोल्ट सैल करून ते पुढेमागे फिरवता येते, म्हणजे मनगटावर भार येत नाही. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या किंचित खाली वळवल्या की हाताचा पुढचा भाग आणि बोटे एका रेषेत येतात. लांबच्या प्रवासात याचा फरक कळतो. पायाच्या ब्रेकची उंची, गिअरच्या दांडीचा कोन, क्लचच्या तारेतला मोकळेपणा, हे सारे दोन पाने आणि अर्धा तास एवढ्यात जमते. चालवणाऱ्याच्या देहाची यंत्राने अशी पदोपदी विचारपूस केलेली असते. मागे बसणाऱ्यासाठी काय आहे? पायटे जिथे ठोकली तिथे, आसन आहे तेवढे. मालकाला दिलेल्या पुस्तिकेत ही व्यक्ती दोन ठिकाणी भेटते. एक, टायरमधल्या हवेच्या तक्त्यात, जिथे एकट्यासाठी एक आकडा आणि दोघांसाठी दुसरा असतो. दोन, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या तळाशी असलेल्या खाचांच्या कड्यापाशी. मागे कोणी बसणार असेल तर ते फिरवून स्प्रिंग ताठ करावी, अशी सूचना असते. पुस्तिकेच्या भाषेत ही व्यक्ती म्हणजे वजन. (ते कडे फिरवण्याचा आकडीदार पाना हत्यारांच्या पिशवीत गंजतो आणि कडे कारखान्यातून आले तसेच राहते, हे सांगायला नकोच.)

इंग्रजीतला 'पिलियन' हा शब्द मोटरसायकलहून कित्येक शतकांनी जुना आहे. तो घोड्याच्या खोगिरामागच्या उशीसाठी होता आणि त्या उशीवर बहुधा स्त्री बसे, एका बाजूला पाय सोडून. घोडा गेला, इंजिन आले, उशी तिथेच राहिली. आरंभीच्या मोटरसायकलींना मागे स्प्रिंगच नसे. चालवणाऱ्याच्या खोगिराखाली स्प्रिंगा असत, मागच्याला मात्र चाकाचा प्रत्येक धक्का सरळ कण्यात. १९४९ची बुलेट मागच्या झुलत्या चौकटीसह बाजारात आली आणि हा अन्याय पुष्कळ कमी झाला. हीच बुलेट १९५५पासून मद्रासला जुळवली जाऊ लागली. तिच्या या गुणाची तारीफ लष्कराच्या आणि डोंगरी रस्त्यांच्या संदर्भात भरपूर झाली आहे. मागे बसणाऱ्याच्या पाठीच्या संदर्भात क्वचितच.

आता दोन कायदे शेजारी ठेवून वाचू. पाठभेद तपासण्याची सवय आपल्याला आहेच. ब्रिटनच्या १९३०च्या रस्ते वाहतूक कायद्याने ठरवले की मागच्या व्यक्तीने नीट बसवलेल्या आसनावर, दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२८वे कलम जवळपास त्याच घडणीचे आहे : चालकामागे एकच व्यक्ती, पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावर. फक्त 'दोन्हीकडे पाय टाकून' हा अंश त्यात नाही. त्या गाळलेल्या जागेत साडी नेसलेली सबंध भारतीय स्त्री बसली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कायद्याने तिला बसू दिले; यंत्र तिच्यासाठी घडलेले नव्हते.

मग यंत्राला जोड द्यावी लागली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पायट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण अनिवार्य करतो. हेतू असा की कपडे चाकात अडकू नयेत. नियमात साडीचा उल्लेख नाही, स्त्रीचाही नाही. तो शब्द रस्त्याने दिला : साडी-गार्ड. पदर किंवा ओढणी चाकात ओढली जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पाहिले होते त्यानेच हे नाव ठेवले. मूठभर सळ्यांच्या या जाळीला आम्ही भारतीय दुचाकीची सर्वांत मौलिक रचना मानतो.

कपड्यांचा विचार पहिल्यापासून करणारी गाडी निराळी होती. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादीनो दास्कानिओ विमानांचा अभियंता. त्याला मोटरसायकल गैरसोयीची आणि कळकट वाटे. १९४६मध्ये त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा केली, चाक विमानासारखे एकाच बाजूने जोडले, म्हणजे ते झटपट बदलता यावे. बजाजने हीच घडण भारतात रुजवली. स्कूटर चालू होईना म्हणजे ती एका अंगाला कलती करायची, हा विधी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हेही आठवेल की त्या वेळी मागची व्यक्ती, बहुधा कडेवर मूल घेऊन, रस्त्याच्या कडेला उभी असे. १९७२मध्ये पुण्यात लूना आली. पायात लोळणारी साडी सावरत तिच्यावर स्वतःच पुढे बसलेली शिक्षिका किंवा परिचारिका हे नवे दृश्य होते. हॅण्डलचा कोन आपल्या मनगटाला जुळवून घेण्याचा हक्क तिला प्रथमच मिळाला.

मोटरसायकलच्या मागच्या आसनाची वाटचाल मात्र उलटी झाली. गेल्या दोन दशकांत शर्यतीच्या धर्तीवरच्या गाड्यांत ते उंच, अरुंद आणि पुढच्या आसनापासून तोडलेले होत गेले. त्यावर एका बाजूला पाय सोडून बसणे जवळपास अशक्य. आणि साडी-गार्ड? तो नियमाप्रमाणे लावलेलाच येतो. नव्या गाडीचा तरुण मालक पहिल्याच आठवड्यात मेकॅनिककडे जातो, चार बोल्ट काढवतो, आणि ती जाळी गॅरेजच्या मागच्या भिंतीला, तिच्यासारख्याच इतर जाळ्यांशेजारी, खिळ्याला लागते.