फर्मान आणि कायदा : मराठवाड्याच्या अंगणातून इंग्रजी कायद्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, “सर, नांदेड-लातूर हा भाग निजामाचा. इथे इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच. मग इंग्रजी कायद्याचा इतिहास आपण कशासाठी ऐकायचा?” प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचंच उत्तर शोधू.

आधी एक खुलासा करतो. आमचा विषय तत्त्वज्ञान. वकिली आम्ही केलेली नाही. त्यामुळे कलम कितवं, यापेक्षा त्या कलमामागे कल्पना कोणती, हे पाहण्याची आम्हाला सवय आहे. आणि कल्पना म्हणून पाहिलं तर इंग्रजी कायद्याचा सगळा राजकीय इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : राजा कायद्याच्या वर, की कायदा राजाच्या वर?

1215 मध्ये जॉन राजाला त्याच्या सरदारांनी कोंडीत पकडलं आणि मॅग्ना कार्टा ही सनद घेतली. तिच्यात एक कलम असं होतं की, कोणाही स्वतंत्र माणसाला कायदेशीर निवाड्याशिवाय पकडता येणार नाही, त्याची मालमत्ता हिरावता येणार नाही. आता यात ‘स्वतंत्र माणूस’ हे शब्द महत्त्वाचे. जमीनदाराच्या शेतात राबणारा भूदास त्यात बसत नव्हता. म्हणजे ही सनद काही गोरगरिबांसाठी झाली नव्हती. सरदारांनी स्वतःची कातडी वाचवली होती. पण एकदा कागदावर आलेली गोष्ट पुढच्या पिढ्या आपापल्या कामासाठी वापरतात. सतराव्या शतकात न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी जेम्स राजाला सांगितलं की, खटल्यांचा निवाडा तुम्ही स्वतः करू शकत नाही, आणि राजाही कायद्याखालीच आहे. 1628 मध्ये पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजापुढे ठेवला. 1649 मध्ये चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. 1679 मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा आला. 1689 मध्ये हक्कांची सनद आली.

हेबियस कॉर्पस हा शब्द भारी वाटतो, पण गोष्ट साधी आहे. तुम्ही ज्या माणसाला कोंडून ठेवलंय, त्याला न्यायाधीशासमोर आणा आणि का कोंडलंय ते सांगा. बस, एवढंच. पण ‘का?’ हा प्रश्न सत्तेला विचारता येणं, यात सगळं आलं. आणि लक्षात घ्या, यातलं काहीही राजाने खुशीने दिलेलं नाही. चारशे-पाचशे वर्षं झगडून ते मिळवावं लागलं.

मग हेच इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा काय झालं? त्यांनी कायद्याची पुस्तकं आणली, कोर्टं आणली. मेकॉलेच्या मसुद्यावर आधारलेली दंडसंहिता 1860 मध्ये मंजूर झाली. पण ‘का?’ विचारण्याचा हक्क त्यांनी हात राखूनच दिला. 1818 च्या रेग्युलेशनने खटल्याशिवाय कोंडून ठेवता येत होतं. 1870 मध्ये राजद्रोहाचं 124अ कलम आलं. त्याच कलमाखाली 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीतल्या सातांनी त्यांना दोषी ठरवलं, दोघांनी निर्दोष. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी आपला बचाव स्वतः केला, आणि तो इंग्रजी कायद्याच्याच परंपरेवर बोट ठेवून केला. ‘तुमच्या देशात लेखकाला जे स्वातंत्र्य आहे ते इथे का नाही?’ असा त्याचा आशय. म्हणजे साहेबाची काठी साहेबाच्याच हातातून काढून घेण्याचा तो प्रयत्न होता.

आता आपल्याकडे येऊ. हैदराबाद संस्थानात काय होतं? कायदा नव्हता असं म्हणणं चूक ठरेल. सालारजंगांच्या काळापासून जिल्हे, तालुके, अदालती यांची घडी बसत गेली. संस्थानची स्वतःची दंडसंहिता होती, आणि ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या संहितेच्या धर्तीवर बेतलेली होती. हायकोर्ट होतं. न्यायखातं महसूलखात्यापासून वेगळं करण्याचं फर्मान 1921 मध्येच निघालं होतं. तेव्हा ब्रिटिश मुलखात ही मागणी नुसती ठरावांतच होती. तेव्हा निजामाचं राज्य म्हणजे नुसता अंधार, हे चित्र आपण जरा तपासून घेतलं पाहिजे.

भाषा मात्र उर्दू. जिल्ह्याचा कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार. आमच्या लहानपणी घरातल्या पत्र्याच्या पेटीत शेताचे जुने कागद होते. ते वाचायला गावातल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे जावं लागे. आजही मुंतखब हा शब्द मराठवाड्यात जमिनीच्या भांडणात निघतोच. वकील, फिर्याद, जामीन, नक्कल, दावा. शब्द अरबी-फारसी, त्यामागची रचना बरीचशी इंग्रजी, आणि भांडणारा माणूस मराठी! अशी ही आपली खिचडी.

मग कमी काय होतं? कमी होता तो ‘का?’ सगळ्या कलमांच्या वर फर्मान होतं. निजामाचा शब्द हाच कायदा. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हे प्रकरण जुन्या माणसांना आठवत असेल. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा त्याचा मतलब. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, 1938 मध्ये लातूरला दुसरं. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. म्हणजे राज्य चालवणाऱ्याने लोकांना जबाब द्यावा. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. मूल जन्मायच्या आधीच त्याला गुन्हेगार ठरवलं! स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. बंदी उठायला 1946 उजाडलं.

फर्मानाची ताकद समजायला एक दिवाणी प्रकरण सांगतो. नवाब वलीउद्दौला हे हैदराबादचे मोठे अमीर 1935 मध्ये वारले. वारसांमध्ये वाद लागला. तो वर्षानुवर्षं चालला, आणि निजामाच्या फर्मानांप्रमाणे त्याची दिशा बदलत राहिली. पुढे 1950 मध्ये खास त्या एका घराण्यासाठी कायदा करून काही दावेदारांचे हक्कच निकाली काढले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तो कायदा रद्द झाला. कारण काय? एवढ्याच माणसांना कोर्टाचा दरवाजा बंद का, याचं समाधानकारक उत्तर सरकारकडे नव्हतं. समानतेच्या चौदाव्या कलमात ते बसत नव्हतं. फर्मान आणि कायदा यांतला फरक याहून स्वच्छ दुसरीकडे दिसायचा नाही.

पण मधली गोष्ट गाळून पुढे जाता येणार नाही. 1947-48 मध्ये रझाकारांनी गावोगावी जो उच्छाद मांडला, तो आपल्या घराघरांत सांगितला जातो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादची शरणागती झाली आणि आपण मुक्त झालो. मात्र त्यानंतरच्या दिवसांत काय झालं, ते आपण घरात फारसं सांगत नाही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलं की, सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या मुसलमानांना बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. समितीचा सावध अंदाज संस्थानभर 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता. तो अहवाल अनेक दशकं प्रसिद्धच झाला नाही. जुलमी राज्य गेलं म्हणजे त्याच दिवशी कायद्याचं राज्य आलं, असं नसतं. दोहोंच्या मध्ये एक पोकळी असते, आणि त्या पोकळीत निरपराध माणसं मरतात. मुक्तिसंग्रामाचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच हे बोलायला हवं असं आम्ही मानतो.

आणि आता त्याच रझवीची गोष्ट. जानेवारी 1948 मधल्या बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात खास न्यायाधिकरणापुढे त्याच्यावर खटला चालला. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याने अपील केलं, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याचं म्हणणं, खास न्यायाधिकरणाची वेगळी पद्धत लावून मला समान वागणूक नाकारली. ज्या देशाच्या विरोधात तो लढला, त्याच्याच राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाचा त्याने आधार घेतला! 1953 मध्ये न्यायालयाने अपील फेटाळलं, पण बहुमताने. वेगळं मत देणारे न्यायाधीशही होते. शिक्षा भोगून 1957 मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला.

मित्रहो, अनेकांना याचा राग येतो. एवढ्या माणसाला अपील कशाला, असं म्हणतात. आम्ही याकडे उलट बाजूने बघतो. ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त राग आहे, त्यालाही ‘का?’ विचारता आलं, तेव्हा मराठवाड्यात कायद्याचं राज्य खरोखर आलं. दुःख एवढंच की, हा दरवाजा रझवीसारख्या वकिलाला सापडला. 1948 मध्ये गावाकडे मारल्या गेलेल्या विणकराला तो सापडला नाही.

कायदेशीर बाजूने पाहिलं तर हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. 23 नोव्हेंबर 1949 ला निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली. म्हणजे फर्मानाची सत्ता संपली तीही फर्मानानेच! 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली. 1 एप्रिल 1951 पासून भारतीय दंडसंहिता आणि बाकीचे केंद्रीय कायदे इथे आले. म्हणजे इंग्रजी वळणाचा कायदा पुरतेपणी आपल्या दारात आला तो इंग्रज निघून गेल्यावर, आणि आपणच निवडलेल्या घटनेच्या हाताने. म्हणून तो आपल्यावर लादलेला नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं हे आमचं उत्तर.

पण मिळालेलं टिकतंच असं नाही. आणीबाणीत 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की, स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. ‘का?’ हा प्रश्नच बंद. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोधी मत दिलं, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटलं 2017 मध्ये. एकेचाळीस वर्षांनी!

2024 च्या जुलैपासून मेकॉलेची दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. इंग्रजी कायदा गेला म्हणून कोणी आनंद मानेल, कोणी चिंता करेल. आम्ही एवढंच सुचवू की, नावाकडे फार पाहू नका. निजामाकडेही उत्तम छापलेली संहिता होती. कोणताही कायदा आला की त्याला एक प्रश्न घाला : यात राज्यकर्त्याला ‘का?’ विचारता येतं का, आणि आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही ते विचारता येतं का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर तो कायदा आहे. नाहीतर उत्तम कागदावर छापलेलं ते फर्मानच समजा.

आज इथेच थांबू.