वाघाच्या शेपटीवरचें पाऊल

जपानच्या इतिहासांत योशित्सुने हें नांव मोठ्या हळहळीनें उच्चारलें जातें. ११८५ सालीं ताइरा घराण्याचा पाडाव करून त्यानें वडील बंधु योरितोमो याचा सत्तेचा मार्ग मोकळा केला. पण संशय बळावला आणि तोच बंधु त्याच्या जिवावर उठला. मग बैराग्याच्या वेषांत पळणें आलें. अताकाच्या नाक्यावर काय घडलें, याची आख्यायिका नो व काबुकी या दोन्ही रंगभूमींनीं अजरामर केली आहे.

त्याच आख्यायिकेवर अकिरा कुरोसावा यानें १९४५ सालीं, जपानच्या शरणागतीच्या ऐन धामधुमींत, 'वाघाच्या शेपटीवर पाय देणारे' हा बोलपट तयार केला. तो जेमतेम तासाभराचा आहे. मंदिरासाठीं वर्गणी गोळा करीत असल्याची बतावणी करणारा बेन्केई कोरा कागद उलगडून त्यावरील आवाहन धडाधडा वाचतो. तरीहि हमालाच्या वेषांतील धन्यावर संशय येतांच तो त्यालाच काठीनें बडवितो. धन्यावर हात टाकणें हें महापातक. तें धन्यासाठींच करावें लागतें. नाक्याचा अधिकारी तोगाशी सर्व उमजतो आणि वाट मोकळी करतो.

कुरोसावानें यांत एक खराखुरा हमाल नव्यानें घातला. विनोदी नट एनोकेन यानें तो रंगविला. वीरांच्या गंभीर मुद्रांशेजारीं याची भीति, बडबड व कळवळा दिसूं लागतांच त्या वीरांची निष्ठा केवढी महाग आहे, हें प्रेक्षकाला कळतें. अखेर तो जागा होतो, तेव्हां सोबती निघून गेलेले असतात; रित्या माळावर तो एकटाच उरतो.

परंतु नाका ओलांडण्याची ही कथा स्वतःच नाक्यावर अडकली. जुन्या जपानी परिनिरीक्षकांना तींत पूज्य नाटकाची थट्टा दिसली. नव्या अमेरिकन अंमलाला सरंजामी स्वामिनिष्ठेचा गौरव दिसला. बोलपट लोकांपुढें आला तो १९५२ सालीं. तोंवर त्याच दिग्दर्शकाच्या 'राशोमोन'नें १९५१ मध्यें व्हेनिस येथें सर्वोच्च बहुमान मिळविला होता. त्या झगमगाटांत हें लहानसें चित्र झांकलें गेलें.

तरीहि त्याची गोडी आटलेली नाहीं. हुकुमाचें अक्षर पाळणारे अधिकारी इतिहासांत पुष्कळ झाले. समोरच्या माणसाची व्यथा ओळखून दार उघडणारा तोगाशी विरळाच. दोन राजवटींच्या परिनिरीक्षकांशीं गांठ पडलेल्या या बोलपटाचें सारें मर्म त्यांतच आहे.