डोंगळ्यांचा माग

दिवाळीच्या चार दिवस आधी मुळशीच्या आमच्या घरी फराळाचे डबे भरू लागले, की फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत जात. डोंगळ्यांवरचा हा जुना तोडगा. पुण्यातल्या एका साहेबानेही तो करून पाहिला होता आणि साहेब हरला होता.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स याला मुंबई सरकारने 1824 साली दख्खनच्या पाहणीवर नेमले. गावे आणि पिके मोजता मोजता त्याने इथले पक्षी टिपले, मुंग्याही टिपल्या. पुण्याच्या घरी त्याने मिठाईचे मेज पाण्यात पाय ठेवून भिंतीशी मांडले, तर डोंगळे भिंतीवरून आले. मेज जरा सरकवले; त्यांनी अंग ताणून तेवढे अंतर ओलांडले. आणखी सरकवले. मग एके दिवशी त्याने पाहिले, की एक डोंगळा मेजाच्या वर फूटभर भिंतीवर आहे. तो सुटला तो थेट मेजावर पडला! 1835 साली लंडनच्या कीटकशास्त्र सभेच्या नियतकालिकात ही हकिगत आली. साइक्सने या मुंगीला ‘न थकणारी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. फाब्रिसियसने 1787 मध्येच तिचे बारसे केले असल्यामुळे ते टिकले नाही. गोष्ट मात्र टिकली.

साइक्सला यात विचारशक्ती दिसली. मला वाटते, त्या धाडसी उडीने साहेबाचे डोळे दिपले. खरे नवल एकाच्या उडीत नव्हते. मिठाई इथे आहे, ही बातमी बाकीच्यांना कोणी दिली?

धागा तेव्हाही हाताशी होता. अठराव्या शतकात जिनीव्हाच्या शार्ल बॉनेने मुंग्यांच्या रांगेच्या वाटेवर बोट फिरवले, तेव्हा मुंग्या त्या जागी येऊन अडखळल्या. पण उलगडा व्हायला 1959 साल उजाडले. अमेरिकेत एडवर्ड विल्सनने अग्निमुंगीच्या पोटातली एक सूक्ष्म ग्रंथी चिरडून काचेवर रेघ ओढली. खाऊचा कण नसताना मुंग्या त्या रेघेवरून चालू लागल्या. अशा गंधद्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी.

सगळ्याच मुंग्या गंधाची रेघ ओढतात असे मात्र नाही. वनखात्यातल्या रॉटनने पुण्यात गोळा केलेल्या एका चिमुकल्या मुंगीचे वर्णन स्वित्झर्लंडच्या फोरेलने 1890 साली केले. तिच्या गोत्रातल्या मुंग्या विल्सनने पाहिल्या, तर माहीतगार मुंगी एकाच सोबतिणीला मागे घेऊन निघे आणि मागची तिला स्पर्श करीत चाले. आंधळ्याला हाती धरून न्यावे तसे!

आमच्या आजीचा वाट्यांवर भरवसा नव्हता. डोंगळे झटकून झाले, तरी ती भिंतीवरची त्यांची वाट ओल्या फडक्याने पुसून काढी. तिथे तर काहीच दिसत नाही, म्हटले, तर म्हणे, “तुला दिसत नाही रे. त्यांचा माग राहतो.”