गॅरार्ड ३०१ : दुरुस्ती कुठवर, सुधारणा कुठून?

जुन्या टर्नटेबलचा आवाज सुधारायचा म्हटलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यंत्र कारखान्यातून निघालं तसंच राखा. दुसरा म्हणतो, बेअरिंग, ताट, मोटार, जे जे उत्तम मिळेल ते बसवा. हा आवडीनिवडीचा प्रश्न मानला जातो, पण त्याचा निवाडा यंत्राच्या इतिहासातच सापडतो असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या स्विंडनचं गॅरार्ड ३०१ त्यासाठी तपासण्याजोगं आहे. लंडनच्या गॅरार्ड या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ मध्ये तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्रं बनवायला ही कंपनी काढली. महायुद्ध संपलं आणि तिथलं बारीक कातकाम ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारींकडे वळलं. ३०१ बाजारात आलं १९५४ साली. त्यात मोटार, ताट आणि बेअरिंग होतं. टोनआर्म नव्हता आणि खालची बैठकही नव्हती. ती निवड कंपनीने गिऱ्हाइकावर सोडली होती, आणि माझ्या युक्तिवादाचा पाया तोच आहे.

या यंत्रात मोटारच्या पायऱ्यांच्या पुलीला एक रबरी चाक टेकतं आणि तेच चाक जड ताटाला आतल्या कडेने फिरवतं. पुलीच्या तीन पायऱ्यांवरून ३३⅓, ४५ आणि ७८ हे वेग मिळतात. मोटारच्या दांड्यावर धातूची चकती आहे; तिच्यावरचा चुंबकाचा प्रभाव कमीजास्त करून वेग हलकेच जुळवता येतो. ही सोय शोभेची नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ वेगाने मुद्रित झालेल्याच नाहीत. त्या ७८ वर लावल्या की गायकाची पट्टीच बदलते. आता सत्तर वर्षांत काय बिघडतं ते पाहा. ग्रीस वाळून घट्ट होतं. मोटार टांगलेल्या स्प्रिंगा सैल पडतात. खटका चालू ठेवूनच यंत्र अडगळीत टाकलं असेल, तर रबरी चाकाला पुलीजवळ खळगा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला तो ठोका देतो. म्हणजे आवाजातला बराच दोष आराखड्याचा नसून देखभालीचा असतो.

यावर कोणी म्हणेल, चाकाची घरघर खरीच असते. म्हणून तर १९६१ मध्ये एडगर विल्चर यांनी आपल्या एआर या अमेरिकी कंपनीचा पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल आणला आणि पुढे बाजार तिकडे गेला. हे मान्यच करायला हवं. रबरी चाक मोटारची थरथर ताटापर्यंत नेतं, पट्टा ती अडवतो. पण त्या काळी असंख्य ३०१ हलक्या, पोकळ लाकडी खोक्यांवर बसवली गेली आणि खोकं स्वतःच गुंजायला लागलं. जड, भरीव बैठक दिली की घरघर शून्य होत नाही, पण पुष्कळ उतरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आजचं बेअरिंग जुन्याहून अचूक असेल, तर मूळ कर्त्याचा एवढा मान कशाला? मान हा प्रश्नच नाही. ताटाचं वजन, तेलाचा अवरोध आणि मोटारचा जोर यांचं गणित एकमेकांशी बांधलेलं आहे. नुसतं ताट जड केलं की भार त्याच मोटारवर आणि त्याच रबरावर येतो; शिवाय भोकं पाडून केलेला बदल मागे घेता येत नाही.

म्हणून मर्यादा अशी असावी : कर्त्याने जे ठरवून दिलं ते मूळ अचूकतेला परत न्यावं, जे त्याने मोकळं सोडलं, म्हणजे बैठक, आर्म, सुई, तिथे आजचं सर्वोत्तम तंत्र खुशाल वापरावं. पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने २०१६ मध्ये टोनआर्मसाठी नावाजलेली एसएमई ही इंग्लिश कंपनी आणि २०१८ मध्ये गॅरार्ड हे नाव घेतलं. त्यानंतर जुनी ३०१ पूर्ण सुटी करून, नव्याने जुळवून, नव्या बैठकीवर एसएमईच्या आर्मसह विकण्याचं काम सुरू झालं. व्यवसायानेही रेघ तिथेच ओढली, कारण जुन्या यंत्राकडून उत्तम आवाज मिळवण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.